छंदाची बंदूक आणि राखलेले रान

३० मे २०१२ रोजी ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याचे प्रमुख बॅरी ओ'फॅरेल यांनी एक घोषणा केली. राज्यात तेव्हा लहानमोठी मिळून सुमारे ८०० राष्ट्रीय उद्याने आणि राखीव क्षेत्रे होती. त्यांपैकी ७९ ठिकाणी हौशी शिकाऱ्यांना बंदूक घेऊन जाता येणार होते. परवाना काढायचा, सुट्टीच्या दिवशी रानात शिरायचे आणि तिथली मोकाट डुकरे, बकऱ्या, खोकड, ससे, हरणे टिपायची. हे सारे प्राणी त्या खंडात बाहेरून आलेले, तिथल्या मूळच्या जीवसृष्टीची नासाडी करणारे. म्हणजे शिकाऱ्याची हौस भागेल, जंगलाचा त्रास कमी होईल आणि सरकारचा पैसाही वाचेल, असा हिशेब लोकांपुढे मांडला गेला.

या घोषणेचे मूळ मात्र जंगलात नव्हते. सरकारला राज्याच्या मालकीची वीजनिर्मिती केंद्रे विकायची होती. त्यासाठीचा कायदा वरिष्ठ सभागृहात मंजूर व्हायला हवा होता आणि तिथे सरकारपाशी बहुमत नव्हते. ‘शूटर्स अँड फिशर्स पार्टी’ या शिकारी आणि मासेमारी करणाऱ्यांच्या पक्षाचे तिथे दोन सदस्य होते. त्यांनी वीजकेंद्रांच्या विक्रीला पाठिंबा दिला आणि त्या बदल्यात राष्ट्रीय उद्यानांची दारे उघडून घेतली. राष्ट्रीय उद्यानांत शिकार होऊ देणार नाही, असे याच ओ'फॅरेल यांनी आधी जाहीरपणे सांगितले होते.

ज्या राज्यात हे घडले त्याचा इतिहासही लक्षात घेतला पाहिजे. सिडनीच्या दक्षिणेला १८७९ मध्ये राखलेले ‘रॉयल नॅशनल पार्क’ हे अमेरिकेतल्या यलोस्टोननंतरचे जगातले दुसरे राष्ट्रीय उद्यान मानले जाते. सार्वजनिक रान लोकांसाठी आणि त्या रानाच्या स्वतःसाठी राखायचे, ही कल्पना इतक्या आधी रुजवणाऱ्यांपैकी हे राज्य. तिथे दोन मतांसाठी ती कल्पना गहाण पडली, याचा तिथल्या लोकांना राग आला आणि तो रास्त होता.

ऑस्ट्रेलियातल्या परक्या प्राण्यांचा प्रश्न खरा आहे, हे आधी मान्य करायला हवे. त्या खंडावर मूळचा खूर असलेला एकही प्राणी नाही. कांगारू आणि वॉलबी यांचे पाय मऊ. तिथली माती, तिथले पाणवठे, तिथले गवत या सगळ्यांची घडण खुरांशिवाय झालेली. अशा ठिकाणी डुकरांनी नाल्याकाठची जमीन उकरली, बकऱ्यांनी डोंगरउतारावरचा पाला ओरबाडला, हरणांनी कोवळ्या झाडांच्या साली सोलल्या की ते रान सहजासहजी सावरत नाही. खोकडाने तर कित्येक छोट्या पिशवीधारी सस्तन प्राण्यांना नामशेष होण्याच्या काठावर आणले. तेव्हा या प्राण्यांची संख्या आटोक्यात आणावी, प्रसंगी त्यांना मारावे, याला निसर्गरक्षकांचा विरोध नव्हता. ते काम स्वतः उद्यान विभाग अनेक वर्षे करत होताच.

पण हे प्राणी तिथे आले कसे? व्हिक्टोरियात जिलाँगजवळच्या बारवन पार्क या आपल्या जमिनीवर थॉमस ऑस्टिन या जमीनदाराने १८५९ मध्ये इंग्लंडहून मागवलेले काही ससे सोडले. थोडे ससे असले म्हणजे मोकळ्या वेळात नेम धरायला बरे, एवढाच त्याचा हेतू होता. पुढे त्या सशांनी खंडाचा केवढा भाग व्यापला ते सर्वश्रुत आहे. लाल खोकड आणला गेला तो घोड्यावरून, कुत्र्यांच्या झुंडी घेऊन पाठलाग करण्याचा इंग्रजी खेळ तिथेही खेळता यावा म्हणून. आपले चितळ एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला भारतातून सिडनीला पोहोचले. आपले सांबर १८६०च्या दशकात व्हिक्टोरियात सोडले गेले. मेळघाटात किंवा नागझिऱ्यात वाघाच्या तोंडचा घास असलेले हे प्राणी तिथे वाघ-बिबट्यांविना, रानकुत्र्यांच्या टोळ्यांविना वाढले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खुद्द रॉयल नॅशनल पार्कमध्ये जावा बेटाकडचे रुसा हरीण शोभेसाठी आणून ठेवले आणि आज ते त्या उद्यानाचे मोठे दुखणे आहे.

शिकारीच्या हौसेने हा प्रश्न निर्माण केला आणि पुढे तो जिवंतही ठेवला. ऑस्ट्रेलियातल्या रानटी हरणांच्या कळपांची एक पाहणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत नोंदलेल्या २१८ कळपांपैकी निम्म्याहून अधिक कळप माणसांनी एका जागेहून दुसऱ्या जागी मुद्दाम नेऊन सोडलेल्या हरणांपासून बनलेले होते. ज्याला पुढच्या वर्षीही सावज हवे असते तो माणूस रान सावजाने भरलेले ठेवू पाहतो. यात त्याचा वाईटपणा काढण्याचे कारण नाही, शिकारीची गोडी असणाऱ्याला तसेच वाटणार. मात्र परक्या प्राण्यांचा बंदोबस्त करायचा म्हणजे उद्या बंदुकीला काम उरू नये असे पाहायचे. छंद आणि काम यांच्या दिशाच उलट्या आहेत. एकाच्या जिवावर दुसरे सोपवणे चुकीचे आहे, हा माझ्या मते या सगळ्या वादाचा कणा आहे.

आता आकड्यांकडे वळू. सजीवांची संख्या मारल्याने आपोआप घटत नाही. दर वर्षी जेवढे मरतात तेवढे जन्मतात, आणि गर्दी कमी झाली की उरलेल्यांना खायला जास्त मिळते, पिल्ले जास्त जगतात. म्हणून प्रत्येक प्राण्याचा एक उंबरठा असतो. वर्षाकाठी एकूण संख्येच्या अमुक टक्क्यांपेक्षा जास्त प्राणी काढले तरच संख्या खाली येते, त्याच्या आत कितीही मारले तरी पुढच्या हंगामात भरून निघते. तिथल्या अभ्यासकांनी काढलेल्या ढोबळ अंदाजांनुसार बकऱ्यांसाठी हा उंबरठा साधारण ३५ टक्के, सांबरासाठी ४०, खोकडासाठी ६५, तर डुकरांसाठी ७० टक्क्यांच्या घरात जातो. ससा तर त्याहून पुढे. डुकरीण वर्षात दोनदा विऊ शकते, हे आपल्याकडच्या शेतकऱ्यालाही ठाऊक आहे.

शनिवार-रविवारी येणारे हौशी शिकारी हा उंबरठा गाठू शकतील का? त्यांची मेहनत विखुरलेली असते. ते रस्त्याच्या, गाडीवाटेच्या जवळपास फिरतात. बहुतेकांना मोठ्या शिंगांचा नर हवा असतो, आणि नर मारल्याने हरणांच्या पैदाशीवर फारसा परिणाम होत नाही, कारण एक नर अनेक माद्यांना पुरतो. शिवाय सुरुवातीला सावज भरपूर असते तेव्हा शिकार सोपी असते. संख्या घटू लागली की तासन् तास चालूनही काही दिसत नाही. तिथे हौस संपते. संख्या खरी खाली आणायची तर नेमके तिथेच, शेवटच्या थोड्या प्राण्यांमागे, सगळ्यात जास्त कष्ट आणि पैसा घालावा लागतो. कंटाळवाणे आणि निष्फळ दिवस पदरी घेणारे हे काम पगारी माणूसच करतो.

याचा पडताळा शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यात मिळतो. तिथल्या आल्पाइन नॅशनल पार्कसारख्या उद्यानात ठरावीक महिन्यांत सांबराची पायी माग काढून शिकार करायला रीतसर परवानगी आहे. सांबराची गणना तिथे शिकारयोग्य प्राण्यांत होते. त्या राज्यात परवानाधारक शिकारी वर्षाला लाखाहून अधिक हरणे मारतात, असे सरकारी अंदाजच सांगतात. आकडा मोठा वाटतो. तरीही सांबर गेल्या काही दशकांत वाढत आणि पसरत गेले, डोंगरमाथ्यावरच्या दलदलींपासून शहराच्या वेशीपर्यंत. उद्यानात हौशी बंदूक येऊ दिली की प्राणी आटोक्यात येतात, हा दावा खरा असता तर तो व्हिक्टोरियात कधीच सिद्ध झाला असता.

याउलट साउथ ऑस्ट्रेलिया राज्यातल्या फ्लिंडर्स पर्वतरांगांत १९९२ पासून ‘बाउन्सबॅक’ नावाचा उपक्रम चालू आहे. तिथल्या खडकाळ कड्यांवर पिवळ्या पायांची रॉक-वॉलबी राहते. बकऱ्या तिचा चारा खात आणि खोकड तिची पिल्ले पळवत. उद्यान विभागाने खोकडासाठी विषारी आमिषे टाकली, बकऱ्या पकडल्या आणि मारल्या. या कामात शिकाऱ्यांच्या संघटनेतले स्वयंसेवकही होते. पण कोणत्या भागात, कोणत्या तारखांना, कोणता प्राणी, नर की मादी, किती, हे सारे विभागाने ठरवले. उद्यान त्या काळात बंद ठेवले आणि नोंदी ठेवल्या. वॉलबी सावरली. माणूस तोच आणि रायफलही तीच असताना फरक पडला तो हुकूम कोणाचा चालतो यावर. म्हणून मी शिकाऱ्यांच्या विरोधात नाही. माझा विरोध आहे तो राष्ट्रीय उद्यान मनोरंजनासाठी शिकारीला मोकळे करण्याला.

माणसांच्या जिवाचा प्रश्न वेगळाच. राष्ट्रीय उद्यानात लोक तंबू ठोकतात, मुलांना घेऊन चालायला जातात, पहाटे अंधारात पक्षी पाहायला निघतात. २०१० मध्ये न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर तुरांगीजवळच्या सरकारी तंबूतळावर एक तरुणी कपाळावर दिवा लावून दात घासत होती. गाडीतून प्रखर झोत टाकत हरणे शोधणाऱ्याने तो दिवा म्हणजे हरणाचे चमकणारे डोळे समजून गोळी झाडली. ती जागीच गेली. न्यू साउथ वेल्समध्ये वाद पेटला तेव्हा ही घटना लोकांच्या मनात ताजी होती. त्या राज्याच्या पर्यावरण खात्याने केलेल्या जोखीम-अभ्यासाचा मसुदा बाहेर आला, तेव्हा पर्यटक किंवा कर्मचारी गोळीला बळी पडण्याचा धोका खात्यालाच मोठा वाटतो हे उघड झाले. उद्यानात काम करणाऱ्या वनरक्षकांच्या संघटनेनेही विरोध केला. रोज त्या वाटा तुडवणाऱ्यांनीच ‘आम्हाला भीती वाटते’ म्हटल्यावर आणखी कोणाला विचारायचे उरते?

या वादात शिकाऱ्यांना निसर्गाचे शत्रू ठरवण्याची घाई होते. इतिहास तसा नाही. राष्ट्रीय उद्यानातून बंदूक बाहेर काढली ती मोठ्या प्रमाणात शिकाऱ्यांनीच, आणि ती गोष्ट अमेरिकेतली आहे.

यलोस्टोन १८७२ मध्ये स्थापन झाले तेव्हा कायद्यात प्राण्यांच्या ‘बेछूट’ हत्येला मनाई होती, पण ती मोडणाऱ्याला शिक्षा काय, हे कुठेच लिहिलेले नव्हते. १८८३ मध्ये शिकारीवर बंदी आली, १८८६ पासून उद्यानाचा ताबा लष्कराकडे गेला, तरी पकडलेल्या माणसाला उद्यानाबाहेर काढण्यापलीकडे सैनिकांना काही करता येत नसे. दरम्यान एके काळी कोट्यवधी असलेले बायसन माळरानांवरून जवळपास पुसले गेले होते आणि शेवटचा रानटी कळप यलोस्टोनच्या आश्रयाला होता. १८९४ च्या मार्चमध्ये, बर्फाने भरलेल्या पेलिकन खोऱ्यात, एडगर हॉवेल नावाचा चोरटा शिकारी मारलेल्या बायसनची कातडी सोलताना रंगेहाथ सापडला. आपल्याला शिक्षा होऊ शकत नाही हे त्याला माहीत होते. ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’ या शिकाऱ्यांच्याच साप्ताहिकाचा वार्ताहर तेव्हा उद्यानात होता. संपादक जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी ती बातमी गाजवली. ग्रिनेल आणि थिओडोर रूझवेल्ट हे दोघे ‘बून अँड क्रॉकेट क्लब’ या शिकाऱ्यांच्या मंडळाचे संस्थापक. या मंडळाने जोर लावला आणि ७ मे १८९४ रोजी खासदार जॉन लेसी यांचा कायदा मंजूर झाला. उद्यानात शिकार करणाऱ्याला तुरुंगवास आणि दंड ठरला. तरीही काही वर्षांनी बायसन मोजले तेव्हा जेमतेम दोन डझन उरले होते. थोडा उशीर झाला असता तर तेही गेले असते.

रूझवेल्ट आयुष्यभर शिकार करत राहिले. पण काही जागा अशा हव्यात जिथे आपण स्वतःही बंदूक टाकून जाऊ, एवढे त्यांना कळत होते. त्या पिढीचे हे मोठेपण मला फार महत्त्वाचे वाटते.

यलोस्टोनमध्ये प्रश्न पुन्हा उभा राहिला तो वेगळ्या रूपात. १९२०च्या दशकापर्यंत सरकारनेच तिथले लांडगे संपवले होते. मग एल्क जातीची मोठी हरणे वाढली, त्यांनी विलो आणि अ‍ॅस्पेनची रोपे वर येऊ दिली नाहीत. १९६१-६२ च्या हिवाळ्यात वनरक्षकांनी सुमारे ४,३०० एल्क मारले आणि देशभर गदारोळ झाला. सरकारी गोळ्या कशाला वाया घालवता, आम्ही पैसे भरून मारू, असे शिकारी म्हणू लागले. आसपासच्या राज्य सरकारांनीही ती मागणी उचलली. उद्याने ज्यांच्या खात्याकडे होती ते अंतर्गत व्यवहार मंत्री स्ट्यूअर्ट उडाल यांनी प्राणिशास्त्रज्ञ स्टार्कर लिओपोल्ड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९६३ च्या अहवालात समितीने दोन गोष्टी एकाच वेळी सांगितल्या. प्राण्यांची संख्या कमी करावी लागेल, त्यापासून पळता येणार नाही. पण ते काम प्रशिक्षित, नेमलेल्या माणसांनी, उद्यानाच्या गरजेपुरते करावे; खेळ म्हणून शिकारीला उद्यानात जागा नाही. समितीत शिकारीचे द्वेष्टे नव्हते. स्टार्कर स्वतः शिकार करणारे आणि त्यांचे वडील आल्डो लिओपोल्ड हे अमेरिकेतल्या शिकार-व्यवस्थापनशास्त्राचे जनक. पुढे १९९५ आणि १९९६ मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणून यलोस्टोनमध्ये सोडले गेले. हरणांच्या संख्येचा प्रश्न शिकाऱ्यांवाचून निसर्गाच्या हाती परत देण्याचा तो प्रयत्न होता.

शेजारच्या ग्रँड टीटन उद्यानात मात्र १९५० च्या कायद्याने तडजोड झाली. तिथे आजही गरज ठरवून शिकाऱ्यांना तात्पुरते ‘वनरक्षक’ नेमतात आणि ते एल्क मारतात. मारलेल्या हरणांची आतडी रानात पडतात, त्यांच्या वासाने ग्रिझली अस्वले येतात. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये अशाच शिकाऱ्यांची एका ग्रिझलीशी गाठ पडली आणि त्यांनी स्वतःच्या बचावासाठी ते अस्वल मारले. एका प्राण्यासाठी दार किलकिले केले की त्यातून काय काय आत येते, ते सांगता येत नाही.

शिकारी निवडून मारतो, त्याचा परिणाम पिढ्यांवर होतो, हेही नोंदवले पाहिजे. कॅनडातल्या आल्बर्टा प्रांतात रॅम माउंटन येथे बिगहॉर्न मेंढ्यांचा अनेक दशके अभ्यास झाला. मोठ्या शिंगांचे नर तिथे पारितोषिक म्हणून मारले जात. २००३ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या निबंधात दिसले की तीस वर्षांत तिथल्या मेंढ्यांची शिंगे आणि अंगकाठी दोन्ही लहान होत गेली. वाघ किंवा लांडगा म्हाताऱ्या, आजारी, मागे पडलेल्या सावजावर झडप घालतो. भिंतीवर शिंगे लावणारा नेमके सर्वांत तगडे जनावर उचलतो.

आपल्याकडे या प्रश्नाचा सर्वांत बोलका पुरावा भरतपूरला दगडावर कोरलेला आहे. केवलादेव घना या पाणथळ रानात संस्थानिकांनी बदकांच्या शिकारीचे मैदान उभारले होते. कोणत्या दिवशी कोण पाहुणा आला, किती बंदुका होत्या आणि किती पक्षी पडले, याच्या नोंदी तिथल्या शिलालेखांवर आहेत. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेजवानीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. तो काळच तसा होता, असे म्हणून सोडून देता आले असते. पण १९५६ मध्ये तिथे पक्षी अभयारण्य जाहीर झाल्यावरही माजी राजांचा शिकारीचा हक्क कायम राहिला. शेवटची मोठी शिकार १९६४ मध्ये झाली आणि हक्क संपला तो १९७२ मध्ये. म्हणजे सोळा वर्षे ती जागा कागदावर अभयारण्य होती आणि तरीही तिथे हौसेचे बार उडत होते. त्याच काळात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे लोक, सलीम अलींच्या मार्गदर्शनाखाली, तिथल्या बदकांच्या पायांत कडी घालून ती सैबेरिया आणि मध्य आशियातून किती दूरवरून येतात ते शोधत होते. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ते राष्ट्रीय उद्यान झाले, १९८५ मध्ये जागतिक वारसास्थळ.

संस्थानिकांच्या शिकारखान्यांमुळेच रणथंबोर, बांधवगडची राने टिकली, असा मुद्दा नेहमी मांडला जातो. त्यात तथ्य आहे. नांगर आणि कुऱ्हाड त्या रानांपासून दूर राहिली ती राजाच्या धाकामुळे. पण ती राने टिकली आणि वाघ मात्र संपत गेले, हेही त्याच इतिहासात लिहिलेले आहे.

ताडोबाचे उदाहरण जवळचे. तिथे शिकारबंदी आली १९३५ मध्ये आणि १९५५ मध्ये ११६.५५ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान झाले. चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. देशभरच्या सरकारी जंगलांचे मात्र ‘शूटिंग ब्लॉक’ पाडलेले असत. ते परवान्यावर भाड्याने मिळत, हेला बांधायचा, मचाणावर बसायचे किंवा हाकारे घालून सावज पुढ्यात आणायचे. स्वातंत्र्यानंतर शिकार कंपन्या निघाल्या, परदेशी पाहुण्याला वाघ मिळवून देण्याची हमी देऊ लागल्या. १९६९ मध्ये दिल्लीत आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाची सभा भरली आणि वाघाची अवस्था जगापुढे आली. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली तेव्हा कंपन्यांनी परकीय चलन बुडते अशी ओरड केली. तेव्हा कारण चलनाचे होते, न्यू साउथ वेल्समध्ये कारण उपद्रवी प्राण्यांचे. १९७२ च्या गणनेत देशात १,८२७ वाघ मोजले गेले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्प. त्या कायद्यातही काही प्राण्यांच्या शिकारीचे परवाने शिल्लक होते. ते १९९१ च्या दुरुस्तीने संपले.

त्याचे फळ आपण डोळ्यांनी पाहतो. ताडोबात चितळांचा कळप गाडी शेजारून गेली तरी चरत राहतो. माणूस दिसताच पळायचे नाही, हे त्यांच्या अनेक पिढ्या शिकल्या आहेत. बंदूक एकदा आत आली की हा विश्वास संपतो आणि मग उरते ते लांबून पाठ दाखवणारे रान.

इथे विदर्भातला शेतकरी विचारेल की आमच्या तुरीत आणि सोयाबीनमध्ये शिरणाऱ्या रानडुकरांचे आणि रोह्यांचे काय? त्याचा राग खरा आहे. रात्र रात्र जागलीवर बसून पीक राखणाऱ्याला शहरातल्या माणसाने निसर्गप्रेम शिकवू नये. २०१५-१६ मध्ये केंद्राने बिहारमध्ये नीलगाय, उत्तराखंडात रानडुक्कर उपद्रवी ठरवले आणि बिहारात हैदराबादहून आलेल्या नेमबाजांनी नीलगायी मारल्या. शेताच्या बांधावर काय करावे यावर मतभेद असू शकतात, तिथे मर्यादित आणि जबाबदार कारवाईला मी नाही म्हणणार नाही. पण तो प्रश्न शेताचा आहे, राष्ट्रीय उद्यानाचा नाही. यवतमाळ जिल्ह्यात २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये ‘अवनी’ म्हणून ओळखली गेलेली वाघीण खाजगी शिकाऱ्याच्या मदतीने रात्री मारली गेली, तेव्हा राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीने कार्यपद्धतीवर गंभीर आक्षेप घेतले. माणसे मेली होती, कारवाई भागच होती. तरीही बंदूक बाहेरच्याच्या हाती दिली की नियमांचे काय होते, हा धडा त्यात आहे.

स्वित्झर्लंडच्या जिनिव्हा प्रांतात १९७४ मध्ये जनमताने हौशी शिकार बंद केली. तिथेही रानडुकरे शेतात शिरतात. पगारी वनरक्षक त्यांतली काही मारतात, कुंपणांना आणि नुकसानभरपाईला प्रांत पैसे देतो. म्हणजे शेतकऱ्याला वाऱ्यावर न सोडता छंद बाहेर ठेवता येतो.

न्यू साउथ वेल्समध्ये पुढे काय झाले? लोक गप्प बसले नाहीत. नॅशनल पार्क्स असोसिएशनने मोहीम चालवली, गिर्यारोहक, शाळा, डोंगरकपारीची गावे, वनरक्षक त्यात आले. शिकारीची सुरुवात पुढे ढकलली गेली. परवाने देणाऱ्या ‘गेम कौन्सिल’ या संस्थेच्या कारभाराची चौकशी स्टीव्ह डन यांनी केली. शिकारीचा प्रसार करायचा आणि शिकारीवर नियंत्रणही ठेवायचे, ही दोन्ही कामे एकाच संस्थेकडे असणे चूक, असा निष्कर्ष निघाला. ४ जुलै २०१३ रोजी ओ'फॅरेल यांनी ती संस्था बरखास्त केली आणि राष्ट्रीय उद्यानांतली हौशी शिकार रद्द केली. त्याऐवजी १२ ठिकाणी उद्यान विभागाच्या देखरेखीखाली, प्रशिक्षित स्वयंसेवकांना घेऊन उपद्रवी प्राणी कमी करण्याचा तीन वर्षांचा प्रयोग ठरला. शिकाऱ्यांचे कौशल्य वापरले गेले, पण हुकूम उद्यानाचा राहिला. सरकारला जे १३ महिन्यांनी करावे लागले, ते पहिल्या दिवशीच करता आले असते.

महाराष्ट्रात आज राष्ट्रीय उद्यानात शिकारीचा परवाना मागण्याची कोणाची हिंमत नाही. पण ‘उपद्रवी प्राणी’, ‘अतिरिक्त संख्या’, ‘स्थानिकांना उत्पन्न’ या नावांनी असा प्रस्ताव कधी आला तर तुमची हरकत लेखी नोंदवा, वनखात्याकडे आणि आमदाराकडेही. त्याच अर्जात शेतकऱ्यांची नुकसानभरपाई वेळेत मिळावी आणि उद्यानालगतच्या गावांना कुंपणासाठी पैसा मिळावा, हीही मागणी लिहा.